मदत हवी आहे: आई विसरायलीय, रात्र रात्र जागी असते, बुद्धीसाठी काय द्यावं?

शहापूरची लेक
नमस्कार. आई खानापूर तालुक्यात दादा-वैनीजवळ असते, मी बेळगावात. चार-पाच महिने झाले, आई विसरायलीय. गॅसवर दूध ठेवते आणि परसात जाते. परवा तिसरं पातेलं जळलं. फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारते. रात्री अडीचला उठून डबे घासत बसते. त्यात आता पाटल्या सापडेनात, तर वैनीनं घेतल्या म्हणाली. ज्या वैनीला पंधरा वर्षं लेकीसारखं वागवलं तिला! वैनी माहेरी जाते म्हणून बसलीय. शेजारच्या काकू बाहेरचं बघून घ्या म्हणतात, मला तसलं काही करायचं नाही. बुद्धीसाठी चांगलं टॉनिक किंवा गोळी माहीत असेल तर नाव सांगा. शनिवारी गावी जाणार, त्याआधी घेऊन ठेवते. लवकर सांगा.

निपाणीकर
वय काय? साखर, बीपी, थायरॉईड तपासलंय का? पडल्या वगैरे नाहीत ना? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

ब्राह्मीप्रेमी
ब्राह्मीचं तूप आणि शंखपुष्पी. रोज सकाळी अनशेपोटी एक चमचा तूप, वर कोमट दूध. माझ्या वडिलांना ८१व्या वर्षी फरक पडला. सोबत रात्री भिजवलेले पाच बदाम. गोळ्यांच्या नादी लागू नका.

शहापूरची लेक
वय ५८. पडली नाही. दोन वर्षांमागं साखर बघितली होती, बरोबर होती. बीपी नाही. ब्राह्मीचं तूप बेळगावात कुठं मिळेल?

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी
ताई, घरात वर्षभरात काही घडलंय का?

शहापूरची लेक
हो, बाबा गेले. अकरा महिने झाले. पण तेव्हा ती धीरानं होती, आम्हालाच सावरत होती.

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी
मी मानसशास्त्र शिकवत होते, डॉक्टर नाही, एवढं आधी सांगते. बाबा गेले ती रात्र आईंना कितपत आठवते, हे एकदा विचारून बघा.

माणूस हादरला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आधी ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल हे दुसरं. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. भीती आणि दुःख तो पक्कं गोंदवून ठेवतो. म्हणून ती रात्र पुसत नाही. पण रोजच्या साध्या गोष्टी, म्हणजे दूध ठेवलं, कडी लावली, यांची नोंद हिप्पोकॅम्पस हा मेंदूतलाच दुसरा भाग करतो. कॉर्टिसॉल कुठं चिकटतं हे बघताना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवन आणि सहकाऱ्यांना १९६८ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्येच त्याच्या जागा मिळाल्या. थोडा वेळ वाढलेलं कॉर्टिसॉल कामाचं असतं. महिनोन् महिने चढं राहिलं की तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि नवी नोंद नीट होत नाही. कपाळामागचा जो भाग 'थांब, आधी नीट शोध' म्हणतो तोही ढिला पडतो. मग पाटल्या दिसेनात की जवळच्या माणसावरच आळ जातो. वैनींना हे जरूर समजावून सांगा. तो आईंचा स्वभाव बोलत नाही.

शहापूरची लेक
बाई, आत्ताच फोन केला. दवाखान्यात घड्याळात किती वाजले होते, नर्सच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कॅन्टीनवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, सगळं सांगितलं. आणि आज आमटीत मीठ घातलंस का विचारलं तर गप्प झाली. मला रडूच आलं. म्हणजे हे दुःखानं झालंय, औषध नाहीच का यावर?

हिंडलगा
सगळं दुःखावर ढकलू नका. माझ्या मावशीला दीड वर्ष 'टेन्शन आहे, टेन्शन आहे' म्हणत बसलो आणि निघालं थायरॉईड. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि बी१२ आधी करा. थायरॉईड नाहीतर बी१२ कमी पडलं की विसरायला होऊ शकतं. शाकाहारी बायकांत बी१२ बऱ्याचदा कमी. भाषण नंतर.

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी
तपासण्या नकोत असं मी कुठं म्हटलं? दोन्ही लागतं.

हिंडलगा
तुम्ही आधी दुःख म्हणालात, त्या लगेच 'औषध नाहीच का' म्हणाल्या. वाचा वरती. असंच होतं. घरचे बघत राहतात आणि वेळ जातो.

सीमाभागातली
मी ४६ वर्षांची आहे. पाळी मागंपुढं व्हायला लागल्यापासून माझंही तसंच. माणसांची नावं तोंडावर येत नाहीत, रात्री घाम फुटून जाग येते, मुलांवर खेकसते आणि मग वाईट वाटतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरकसुद्धा स्मरणशक्तीच्या पेशींना लागतं म्हणे. बाईंनी यावर लिहावं.

शहापूरची लेक
ताई, आईची पाळी ४९व्या वर्षीच गेली. ते नसावं.

निपाणीकर
सरळ धारवाडला मानसिक आरोग्य संस्थेत न्या. बेळगावाहून दीड-दोन तास. आमच्या शेजाऱ्यांना तिथं गुण आला.

मिरजेचा पाहुणा
मिरज जवळ नाही का? मराठीत बोलता तरी येतं.

कंग्राळीकर
हाच तर मुद्दा आहे! आमच्या आजीला शासकीय दवाखान्यात कन्नडमधला कागद दिला. गोळी जेवणाआधी की नंतर, हे वाचायला गल्लीत माणूस शोधावा लागला. १९५६ पासून हेच सोसतोय. १५ टक्के अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे असं ठरलेलं असून मिळत नाहीत. म्हाताऱ्या माणसांनी औषधं कशी घ्यायची?

निपाणीकर
मुद्दा खरा आहे, माझ्या घरीही झालंय. पण त्याला वेगळा धागा काढा की ओ. इथं आईचं चाललंय.

औषध दुकान, चिकोडी
उशिरा वाचला धागा. ताई, कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. आई सध्या कुठल्या गोळ्या घेतात? गुडघा, दमा, अंगावरचं खाजणं, कशासाठीही. चेहरा भरल्यासारखा झालाय का? भूक वाढलीय?

शहापूरची लेक
गोळी एकही नाही. चेहरा भरलाय खरा, गोल झालाय. बाबा गेल्यावर वाळली होती, आता जेवायला लागली म्हणून आम्हाला बरंच वाटत होतं. गुडघ्यासाठी फक्त पुडी घेते. आठवड्याच्या बाजारात एक माणूस बसतो, त्याच्याकडची. जडीबुटीची आहे, त्यामुळं लिहिलं नव्हतं. गुण इतका आला की चार दिवसांत जिना चढायला लागली.

औषध दुकान, चिकोडी
किती महिने? दिवसाला किती? मानेच्या मागं मांस वाढल्यासारखं दिसतं का? दंडावर उगाच निळे डाग?

शहापूरची लेक
सात महिने. आधी एक, आता सकाळ-संध्याकाळ दोन. दादाला बघायला सांगितलं. मानेमागं उंचवटा आहे. डागही आहेत, आईला वाटलं कळशी लागली असेल.

औषध दुकान, चिकोडी
ताई, त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शंका आहे. डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन कुटून पांढऱ्या भुकटीत मिसळलेलं. चार दिवसांत जिना चढवणारी जडीबुटी मी बावीस वर्षांत पाहिली नाही.

औषध म्हणून ते वाईट नव्हे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवातानं जखडलेल्या बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि ती थोड्याच दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल त्याच कामाला मिळालं. पण बाईंनी वर लिहिलंय तेच कॉर्टिसॉल, त्याचा हा बाहेरून आणलेला आणि कितीतरी जोरकस भाऊ आहे. दुःखानं अंगात वाढतं त्याहून कितीतरी जास्त रोज पोटात जात असणार, तेही संध्याकाळी. अंगातलं कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं, म्हणून झोप येते. संध्याकाळी पुडी गेली की मेंदूला रात्र झालीच नाही असं वाटतं. अडीचला डबे घासायला उठतात ते त्यामुळं असू शकतं. झोप उडणं, चिडणं, संशय, विसरणं, हे सगळं स्टेरॉइडनं होतं. १९७२ साली छापून आलेल्या बोस्टनच्या पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत मनाचे त्रास १.३ टक्के लोकांना झाले, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के. आणि ते डॉक्टरांनी मोजून दिलेलं होतं. पुडीत किती आहे हे कुणालाच माहीत नाही.

ब्राह्मीप्रेमी
मग आजच्या आज पुडी फेकून द्या. पोट साफ करायला एरंडेल, आणि ब्राह्मी सुरू करा.

औषध दुकान, चिकोडी
नाही! ताई, हे वाचून पुडी बंद करू नका. कृपा करून करू नका. बाहेरून इतकं मिळतंय म्हटल्यावर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीनं अधिवृक्क ग्रंथींना हुकूम सोडणं थांबवलेलं असतं. सात महिन्यांत त्या सुकल्यासारख्या झालेल्या असतात. एकदम तोडलं तर उलट्या, बीपी खाली, बेशुद्धी, जीवावर बेतू शकतं. उद्याच फिजिशियनकडं न्या, शनिवारची वाट नको. पुड्या सोबत घ्या. साखर, सोडियम-पोटॅशियम, सकाळी आठचं कॉर्टिसॉल, आणि हिंडलगेकर म्हणतात ते टीएसएच, बी१२ सुद्धा. मध्ये चक्कर, उलटी झाली तर रात्र असो की पहाट, इमर्जन्सीला न्या आणि पहिलं वाक्य 'सात महिने स्टेरॉइडची पुडी चालू होती' असं सांगा.

ब्राह्मीप्रेमी
मला ठाऊक नव्हतं. माझा आधीचा प्रतिसाद कुणी मानू नका.

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी
दुकानदारांनी विचारलं ते मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं. ताई, दादालाही सांगा, आईंना पुडीवरून रागावू नका. दुखत होतं म्हणून घेतली. वैनींना फारच जड जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोला म्हणावं.

शहापूरची लेक
उद्या सकाळी सातच्या बसनं जाते. हात थरथरायलेत.

शहापूरची लेक (नऊ दिवसांनी)
सगळ्यांना सांगायचं राहिलं. साखर २६४ निघाली. सकाळचं कॉर्टिसॉल अगदी कमी. बी१२ पण कमी, थायरॉईड बरोबर. पुडी नुसती बघून आत काय ते कळत नाही, पण चेहरा, मान, डाग आणि रक्त मिळून स्टेरॉइडच, असं डॉक्टर म्हणाले. पुडी सोडवून स्टेरॉइडचीच मोजलेली गोळी दिलीय, फक्त सकाळी, आणि ती हळूहळू कमी करायची. काही महिने लागतील. साखरेची गोळी आणि बी१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. स्टेरॉइड कमी झाल्यावर स्मरण पुष्कळसं परत येतं म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार.

परवा पहिल्यांदा पाच वाजेपर्यंत झोपली. पाटल्या जोंधळ्याच्या डब्यात तळाशी मिळाल्या, बाबांच्या उपरण्यात बांधलेल्या. रात्री तिनंच ठेवल्या असणार. वैनीनं काढल्या आणि वैनीनंच तिच्या हातात घातल्या. दोघी किती वेळ काही बोलल्या नाहीत.

सीमाभागातली
वाचून बरं वाटलं. गुडघ्यांचं काय?

शहापूरची लेक
दुखायलेत, जास्तच. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम दिलेत. वैनी रोज दुपारी समोर बसून तिचा पाय उचलून धरते, दहापर्यंत मोजते. बाजार आता दादा करतो, आईला तिकडं जाऊ देत नाही.