'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये एवढं आहे तरी काय?

सुरपेटी
हाउस संगीताची (क्लबात नाचण्यासाठीचं इलेक्ट्रॉनिक संगीत) कुठलीही यादी उघडा, फ्यूचर या गटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' (ट्रॅक्स रेकॉर्ड्स, १९८७) तिथे असतंच. काल हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. दहा मिनिटांच्या वर तेच ते ठोके आणि एक किंचाळणारा बास. ना गायन, ना सुरावट. क्लबात लोक यावर खरंच नाचले, की मागाहून जाणकारांनी डोक्यावर घेतलं? टिंगल करत नाहीये, मनापासून विचारतोय.

रात्रपाळी
आधी नाहीच नाचले! फ्यूचरच्या तिघांनी, म्हणजे डीजे पियर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबात तिथला डीजे रॉन हार्डी याला टेप नेऊन दिली. पियर मुलाखतींमध्ये सांगतो त्याप्रमाणे, पहिल्यांदा लावली तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. हार्डीने थोड्या वेळाने पुन्हा लावली. मग आणखी एकदा. त्याच रात्री चौथ्यांदा लावली तेव्हा गर्दीला चेव चढला, एक जण तर पाठीवर पडून पाय झाडत होता. दुसरा कुणी डीजे असता तर पहिल्याच वेळी टेप परत करून मोकळा झाला असता. हार्डी हट्टी, आणि त्याच्या फ्लोअरचा त्याच्यावर विश्वास. रेकॉर्ड निघण्याआधीच टेपच्या नकला गावभर फिरत होत्या, 'रॉन हार्डीचा ॲसिड ट्रॅक' या नावाने.

आता सुरावटीचं. तो आवाज रोलंडच्या टीबी-३०३ चा. साथीला बासवाला नसलेल्या गिटारवाल्यांसाठी काढलेलं यंत्र. चाललं नाही, १९८४ मध्ये बंद पडलं. स्पँकीने जुनं घेतलं. ते चालवायचं कसं हे नीट कळेना, म्हणून पियर नुसते नॉब पिळत बसला आणि त्यातून हा आवाज निघाला.

माझ्याकडे त्याची एक नक्कल आहे. सोळा पायऱ्यांचा पॅटर्न चालू ठेवायचा, रेझोनन्स (फिल्टरची धार) चढवायचा आणि कटऑफ (फिल्टर किती वरचा आवाज सोडतो ते ठरवणारा नॉब) अगदी सावकाश उघडायचा. तेच चार सूर आधी घशात अडकल्यासारखे येतात, मग ओलसर होतात, शेवटी शिट्टी मारायला लागतात. तुम्ही सुरावटीची वाट बघत बसलात, म्हणून कंटाळलात. या ट्रॅकमध्ये जे काही घडतं ते फिल्टरमध्ये. आणि हेडफोन काढा हो, छातीवर बास आदळेल असे स्पीकर हवेत.

खर्जातला
आपल्या चरणजित सिंग यांचं नाव कुणीच कसं घेत नाही? १९८२ मध्येच ३०३ आणि ८०८ (रोलंडचंच ठोक्यांचं यंत्र) यांच्या साथीने राग वाजवून त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' काढली होती. म्हणजे ॲसिड हाउस (३०३ च्या अशा आवाजाचं हाउस) आपलंच!

रात्रपाळी
रेकॉर्ड अफलातून आहे, पहिला मान द्यायला माझी ना नाही. पण तेव्हा ती विकलीच गेली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगाला कळलं. शिकागोच्या पोरांनी तिच्यावरून उचललं असं म्हणायला काही आधार नाही. शिवाय सिंगांचं ३०३ रागाच्या चौकटीत चालतं. पियरचं मोकाट सुटलेलं.

सुरपेटी
मोठ्या स्पीकरवर लावलं. बायको दोनदा विचारून गेली, काही बिघडलंय का म्हणून. पण मधला भाग या वेळी पकडला, आवाज हळूहळू तापत जातो तो. सेटमध्ये घ्यावंसं वाटतंय, फक्त फार संथ वाटतं.

रात्रपाळी
संथ मुद्दाम आहे. मूळ टेप १२६ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास होती. निर्माता मार्शल जेफरसन म्हणाला, न्यूयॉर्कवाले इतक्या वेगात वाजवणार नाहीत, तेव्हा १२० च्या आसपास उतरवली. तुम्ही पिच (वेगाचा कंट्रोल) खुशाल वर करा, गायनच नाही तर चिरकेल काय? फक्त दुसरा ट्रॅक मिसळताना त्याचा बास पूर्ण कापा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या अंगावर जातात.