मदत हवी आहे: स्पेक्ट्रमवर 'आउट ऑफ डेटा'
मंडळी, १९८०च्या दशकातल्या एका ब्रिटिश मासिकाचा स्कॅन बघून झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा एक गेम इम्युलेटरवर (त्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) टाइप करतोय. तीन रात्री गेल्या. (आकड्यांच्या यादीआधी लागणारा डेटा हा बेसिक भाषेतला शब्द उमटवायला आधी दोन्ही शिफ्ट आणि मग डी, हे कळण्यातच पहिली रात्र संपली!)

एकवीस यूडीजी चित्रं (आपण स्वतः आखायची, एका अक्षराएवढी), प्रत्येकी ८ आकडे, म्हणजे १६८ आकडे हवेत. ते वाचणारा लूपही ० ते १६७ असाच आहे. पण रन केलं की 'ई आउट ऑफ डेटा', म्हणजे वाचायला आकडे उरले नाहीत. म्हणजे कुठेतरी एक आकडा कमी पडतोय. स्कॅन इतका पुसट आहे की स्वल्पविराम आणि टिंब सारखेच दिसतात. मला संशय, २४,६० चं मी २४.६० केलं असावं. तसं झालं तर दोन आकड्यांचा एकच होतो आणि पोक (आकडा मेमरीत ठेवणारी आज्ञा) तो निमूट गिळतं.

ओळींमध्ये आकडे कमीजास्त आहेत, त्यामुळे मोजताना डोळे फिरतात. सीएचआर १४४ ते १६४ (याच एकवीस चित्रांचे क्रमांक) पडद्यावर छापून जिथून चित्रं एक ओळ वर सरकलेली दिसतील तिथे चूक, असं धरू का? की प्रत्येक डेटा ओळीतले आकडे मोजणारा छोटा प्रोग्राम कुणाकडे आहे?