दुकानाचं व्हॅल्यूएशन: मालकाचा आकडा आधीच कानावर पडला तर?

मांडवीकर:
वडोदऱ्यात अलकापुरीतलं तळमजल्याचं दुकान, बँकेचं काम. कार्पेट ४२० चौरस फूट, दर्शनी १० फूट, खोली ४२. भाडं महिना ४२,०००. फाइलच्या पहिल्याच पानावर मालकाची अपेक्षा: ८० लाख. शेजारच्या सौद्यांवरून माझे ७६ आले. हे ७६ माझे की त्यांचे, कसं तपासायचं?

वेरा_पावती:
भाड्याकडून या. वर्षाचे ५,०४,०००. एक महिना रिकामा धरून ४२,००० वजा. वेरा (पालिकेचा मालमत्ता कर), मेंटेनन्स, विमा मिळून ६२,००० धरले तर उरतात ४ लाख. त्यांना ६.५ टक्के परताव्याने भागलं तर किंमत ६१.५ लाख, ६ नी ६६.७. तुमच्या ७६ ला परतावा पडतो ५.२६ टक्के. इतक्या कमी परताव्यावर त्या रस्त्यावर खरंच सौदे झालेत का? नसतील तर ७६ हे ८० चंच पिल्लू.

जुन्या जाणत्यांनाही हे चुकत नाही. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ च्या अभ्यासात अमेरिकेत एजंटांना तेच घर दाखवलं, फक्त मागणीची किंमत बदलली. अंदाज मागणीमागे गेले. ती विचारात घेतल्याचं फार थोड्यांनी मान्य केलं.

दस्तवाला:
शेजारचं दुकान २० बाय २१ असेल तर तेही ४२० च. पण पहिले २० फूट पूर्ण, पुढचे २० अर्धे, मग पाव असं मोजा: त्याचे ४१०, तुमचे ३०५. फुटाचा भाव सरळ उचललात की चुकलात. (हे प्रमाण विलायती प्रथेतलं, आपलं इथल्या भाड्यांवरून बसवा.)

जंत्रीही (गुजरात सरकारचे मुद्रांकासाठीचे किमान दर) तशीच डोक्यात बसते. १५ एप्रिल २०२३ ला दुकानांची जंत्री दुप्पट झाली, बाजार काही त्या दिवशी दुप्पट झाला नाही. दस्तातली रक्कम बऱ्याचदा जंत्रीला चिकटलेली असते, म्हणून त्याआधीचा आणि नंतरचा दस्त शेजारी ठेवून काढलेली 'वाढ' बरीचशी सरकारीच निघते.

मांडवीकर:
भाडेकरू जुना आहे, भाडंही.

वेरा_पावती:
मग ६१.५ वर अडून बसू नका, तोही खुंटाच होईल. कराराची उरलेली मुदत जुन्या भाड्याने, पुढचं आजच्या बाजारभाड्याने धरा.

दस्तवाला:
आणि तुलनेचे सौदे आकडा काढण्याआधी निवडा. वगळलेल्याचं कारण त्याच ओळीत लिहा. 'अडचणीतली विक्री' हे कारण फक्त स्वस्त सौद्यांनाच लागत असेल तर पुन्हा बघा. पुढच्या वेळी ते पहिलं पान ऑफिसातल्या दुसऱ्याकडे ठेवायला द्या, तुमचा आकडा तारखेसह लिहून झाल्यावरच मागा.