आईंच्या लेन्सबद्दल

आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात कोणती लेन्स बसवायची, असं तुम्ही विचारलंय. मल्टिफोकलच (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) घ्या, चष्मा कायमचा सुटेल, असं वर एकाने सुचवलंय. पण त्यांना जुना मधुमेह आहे ना? मग आधी डोळ्याच्या पडद्याची नीट तपासणी करून घ्या. मल्टिफोकल लेन्स प्रकाश जवळ-लांब असा वाटून देते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक ओळखणं, थोडा घटतो. पडदा खराब असेल तर ते फारच जाणवतं. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात, ती वेगळीच.

माझ्या सासऱ्यांनी साधी मोनोफोकल (एकाच अंतरावर फोकस असलेली) बसवली. पेपर वाचायला चष्मा लावतात, बाकी मजेत आहेत. सिलिंडरचा नंबर (बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा) जास्त असेल तर मात्र तो भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सला पैसे घाला, तिथे हात आखडू नका. आणि आई दिवसभर विणकाम करतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोनोफोकलचा फोकस जवळचाही ठेवता येतो, मग चष्मा फक्त लांबचं बघायला लागतो.