वशिला फक्त प्रवेशावर संपत नाही

काही जण म्हणतात की लेखी परीक्षा कडक केली की पोलिसात भाच्या-पुतण्यांची भरती आपोआप थांबेल. प्रवेशापुरतं मान्य. पण अमेरिकेत मोठी गळती दुसऱ्याच दारातून होते: एका गावच्या पोलीस खात्याने नारळ दिलेला माणूस शेजारच्या गावात पुन्हा गणवेश चढवतो.

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराचंच बघा. २०१४ मध्ये तिथे खेळण्यातली बंदूक घेतलेल्या १२ वर्षांच्या तामीर राइसवर टिमोथी लोमन या पोलिसाने गोळी झाडली. हा लोमन त्याआधी २०१२ मध्ये इंडिपेंडन्स नावाच्या छोट्या शहराच्या पोलिसात होता, आणि बंदुकीच्या प्रशिक्षणात त्याचा तोल सुटतो, असं वरिष्ठांनी लेखी नोंदवलं होतं. तिथे त्याने राजीनामा दिला. क्लीव्हलँडने त्याला घेताना ती जुनी फाईल उघडलीच नाही! २०१७ मध्ये त्याला काढलं तेही गोळीबारासाठी नव्हे, अर्जात खोटी माहिती दिली म्हणून. पुढच्याच वर्षी ओहायोतल्या बेलेअर गावाने त्याला कामावर घेतलं. ओरड झाल्यावर त्याने माघार घेतली. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात पुन्हा तेच.

यात काकामामाचा वशिला असायलाच हवा असं नाही. छोट्या खात्यांना आयता प्रशिक्षित माणूस स्वस्तात पडतो, आणि राजीनामा दिलेला असला की कागदावर बडतर्फीचा डाग दिसत नाही. पोलीस म्हणून काम करण्याचा परवाना रद्द झालेल्यांची एक राष्ट्रीय यादी तिथे आहे, पण ती राज्यांच्या मर्जीवर भरली जाते. परीक्षा कडक करण्यापेक्षा ती यादी सक्तीची करा, असं मी म्हणेन.