विषय: डिसेंबरात पुण्यात विद्यापीठातलं गाणं कुठे ऐकायचं?

प्रेषक: बापू

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं इथून भारतात, पुण्याला निघालोय, तीन आठवड्यांसाठी. मुक्काम सासुरवाडीला, कोथरूडला. आमची धाकटी इथल्या विद्यापीठाच्या संगीत विभागात व्हायोला शिकते, हे बहुतेकांना ठाऊक आहेच (गणपतीत आरतीच्या आधी तिने वाजवलं होतं, आणि माईंनी प्रसादाचं ताट तिच्या वाद्याच्या पेटीवर ठेवलं होतं).

तर तिचा प्रश्न. तिच्याकडे सत्र सुरू होतानाच अख्ख्या सत्राच्या मैफलींचं पत्रक छापून येतं. तारीख, सभागृह, कोण वाजवणार, कुठली रचना, मध्यंतर किती मिनिटांचं, सगळं. तिने मला सहज विचारलं, "बाबा, पुण्याच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूलचं विंटर शेड्यूल कुठंय?" मी दोन संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे घालवल्या. सवाई गंधर्व महोत्सवाची माहिती भरपूर मिळाली. पण हिला नामवंत नकोत. "माझ्या वयाची मुलं कशी गातात ते ऐकायचंय," म्हणते.

कोणाला काही माहीत आहे का? नाना सध्या तिकडेच आहेत ना?

– बापू

प्रेषक: नाना (सध्या मुक्काम औंध)

बापू,

इथेच आहे. गुडघ्याच्या निमित्ताने मार्चपर्यंत मुक्काम आहे. विद्यापीठ माझ्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, म्हणजे चौक मोकळा असेल तर. २०२० साली तिथला जुना पूल पाडला तेव्हापासून रिक्षावाले "विद्यापीठ" म्हटलं की आधी आकाशाकडे बघतात.

तू जे शोधतोयस त्याचं नाव ललित कला केंद्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचाच विभाग, १९८७ पासूनचा. बाहेरच्यांना तो नाटकवाल्यांचा म्हणून जास्त ठाऊक, कारण सतीश आळेकर १९९६ ते २००९ तिथे प्रमुख होते. पण संगीत आणि नृत्यही तितक्याच पद्धतशीर शिकवतात. नावापुढे कंसात 'गुरुकुल' लिहितात, ते नुसतं शोभेला नाही. पदवी विद्यापीठाची, तालीम मात्र गुरूसमोर बसून. गणेशखिंडीतल्या त्या झाडीत एखाद्या संध्याकाळी शिरलास तर एका बाजूने घुंगरू आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी नाटकातलं ओरडतंय, असं ऐकू येतं.

आता शेड्यूल. त्याच्या मागे लागू नकोस. विद्यार्थ्यांच्या बैठका आणि मंचप्रदर्शनं (परीक्षेच्या भाषेत हाच शब्द) आठ-दहा दिवस आधी ठरतात आणि फलकावर चिकटवतात. विभागात जायचं, शिपायाला विचारायचं, किंवा रोज सकाळी वर्तमानपत्रातले 'आजचे कार्यक्रम' बघायचे. मी अजून तेच करतो. तुझ्यासाठी फलकावर नजर ठेवतो.

पण धाकटीला एक आधीच सांगून ठेव. तारीख मिळाली तरी 'कुठली रचना' हे मिळणार नाही. पत्रिकेवर 'गायन' एवढंच असतं, फार तर साथीदारांची नावं. राग कोणता, ते गाणारा बसल्यावर. म्हणजे कोणी लपवून ठेवतं असं नाही. प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली, त्यामुळे कार्यक्रम किती वाजता आहे एवढं कळलं की निम्मी पत्रिका आपोआप तयार होते. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाच-सहाला बैठक असेल तर मारवा, पूरिया, पूरिया धनाश्री, श्री यांतलं काहीतरी. सातच्या पुढे यमन, भूप. हे मी पैजेवर सांगतो.

आणि इथेच माझी जुनी तक्रार. सवाई १९५३ साली सुरू झाला. रमणबागेत तो रात्रभर चालायचा तेव्हा मी पहाटे कानटोपी घालून, सतरंजीवर निम्मा झोपलेला, पण ललित ऐकलाय. ललितच्या वेळेला. पूर्वेकडे उजळायला लागलेलं, चहावाल्याचा स्टोव्ह पेटलेला. मग रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंदचा नियम आला आणि दरबारी, मालकंस, ललित ही सगळी रात्रीची मंडळी बेघर झाली. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला भरतो. अवश्य जा, पण उत्तररात्रीचं गाणं तिथेही नाही. त्याची झळ विद्यार्थ्यांपर्यंत येते. पोरं वर्गात ललित शिकतात, परीक्षकांपुढे म्हणून दाखवतात, पण सगळे कार्यक्रम संध्याकाळचे. वीस मुलं ऐकलीस तर पंधरा यमन ऐकशील. यमन वाईट नव्हे रे, पण.

असो. गुडघा दुखायला लागला बसून.

– नाना

प्रेषक: तबलेवाला

नाना, एक दुरुस्ती, रागावू नका.

तो नियम २००० सालचा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला आहे. बंदिस्त सभागृहाला नाही. शिवाय सणासमारंभांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार मध्यरात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे दारं लावून रात्री दीडला मालकंस गायला कायदा आड येत नाही. आड येते शेवटची बस आणि दुसऱ्या दिवशीचं ऑफिस. मंडपातल्या रात्री कायद्याने घेतल्या हे कबूल, बाकीच्या आपण स्वतःहून सोडल्या.

बापू, धाकटीला कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी घेऊन जा. गंमत आधीच असते. पुण्याच्या थंडीत खोलीतून बाहेर आणलेला तबला पंधरा मिनिटांत स्वर सोडतो. मग हातोडीने गजऱ्यावर (कडेच्या चामड्याच्या वेणीवर) ठोके, गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) खाली-वर, कडेचं एक घर जुळलं की समोरचं हलतं. शिकणारी मुलं हे घाबरत करतात, म्हणून नीट दिसतं. उस्ताद लोक बोलता बोलता करून टाकतात, त्यात काही कळत नाही.

– तबलेवाला

प्रेषक: माई

विषय निघालाच आहे म्हणून बोलते.

नाना पुण्यातल्या दहा वाजताचं रडतात. आपल्या मंडळाने या वर्षी 'दिवाळी पहाट' शनिवारी दुपारी तीन वाजता केली त्याचं काय? गाणाऱ्या ताई बिचाऱ्या इतक्या लांबून आलेल्या, त्यांनी इमानाने ललित सुरू केला, आणि पश्चिमेच्या काचांतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. त्यानंतर भैरव, आणि लगेच जेवणाच्या रांगेची घोषणा. पहाट म्हणायचं असेल तर पहाटे करा, नाहीतर नाव बदला. तीन वाजता भीमपलास गाता येतो की! तिसऱ्या प्रहराचाच राग आहे तो. मी गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेला शिकले होते, १९७४ साली, अजून चीज (बंदिश) पाठ आहे.

आणि बापू, पेटी बंद होती. बंद पेटीवर ताट ठेवलं तर काय होतं?

– माई

प्रेषक: कार्यवाह

सर्वांना नमस्कार. कृपया विषयाला धरून लिहावे.

तरीही खुलासा: हॉल आपल्याला दुपारी दोननंतरच मिळतो. सकाळी तो दुसऱ्यांकडे असतो. पहाटे साडेपाचला कार्यक्रम ठेवला तर किती जण येतील, याचा कौल मी २०२३ मध्ये घेतला होता. अकरा होकार आले. त्यातले चार कलाकारांच्या घरचे.

– कार्यवाह

प्रेषक: बापू

माई, माफ करा, पेटीला काही झालं नाही.

नाना, तुमची मेल धाकटीला वाचून दाखवली. तिने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ती म्हणते, राग संध्याकाळचा म्हणजे नक्की किती वाजताचा? पुण्यात सूर्य वर्षभर सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. आपल्याकडे डिसेंबरात साडेचारच्या आत अंधारून येतं आणि जूनमध्ये साडेआठ वाजले तरी मुलं बाहेर खेळत असतात. मग मारवा इथे कधी गायचा? घड्याळ बघून की खिडकी बघून?

– बापू

प्रेषक: नाना (मुक्काम औंध)

खिडकी बघून. पोरीला शाबासकी सांग.

मारवा, पूरिया, श्री यांना 'संधिप्रकाश राग' म्हणतात. नावातच प्रकाश आहे, तास नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी सगळं प्रहरांत मांडून दिलं आणि आपण प्रहर म्हणजे तीन तास असं घोकलं. प्रहर पण मुळात सूर्योदय-सूर्यास्तावर मोजायचा. आणखी एक गंमत तिला दाखव. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिघांचे स्वर तेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम, म्हणजे पाचवा स्वर 'प', वर्ज्य. पूरिया खाली मंद्रात रेंगाळतो, सोहनी वर तार षड्जाशी, म्हणजे वरच्या सा शी, खेळते आणि ती रात्रीच्या शेवटी गायची. तेच सहा स्वर, एक दिवस बुडताना, एक रात्र सरताना. व्हायोलावर तिन्ही वाजवून बघ म्हणावं.

फलक लागलाय. विद्यार्थ्यांची बैठक, तुम्ही पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाच. तिकीट नाही. चपला बाहेर काढायच्या, त्यामुळे मोजे धड असलेले घाला. शाल आणा.

– नाना

प्रेषक: बापू (मुक्काम कोथरूड)

मंडळी,

काल जाऊन आलो. लिहितो म्हणालो होतो म्हणून लिहितोय, जेट लॅगमुळे पहाटे चारला जागाच आहे. (माई, ललितची वेळ. पण सासरेबुवा झोपलेत.)

पन्नासेक माणसं. निम्मी त्याच मुलांची मित्रमंडळी. आम्ही तबलेवाल्याचं ऐकून पाचलाच पोचलो. पहिला मुलगा पूरिया धनाश्री गायला, चांगला, जरा घाईचा. नाना शेजारून "पैज जिंकलो" म्हणून कोपर मारत होते. मग एक मुलगी आली, असेल बावीस-तेवीसची. तिने तानपुरा आडवा घेतला आणि पहिल्या तारेची खुंटी पिळायला लागली. आधीच्या मुलाने ती पंचमात लावली होती. हिने ती चढवत चढवत निषादावर नेली. मग मणी सरकवून अगदी केसभर फरक काढला, घोडीवरचा दोरा नखाने जरासा हलवला, आणि ती तार एकदम भरून बोलायला लागली. सात-आठ मिनिटं नुसतं हेच. आपल्याकडे एवढ्या वेळात लोकांनी फोन काढले असते. इथे सगळे गप्प बसून ऐकत होते. धाकटी माझ्या कानात म्हणाली, "बाबा, तिने पाचवा काढून टाकला. आता गाण्यात पाचवा येणारच नाही." नाना म्हणाले, "हिला आणखी काय शिकवायचं?"

मारवा होता. विलंबित एकताल. मला फारसं कळत नाही, पण पहिली दहा-बारा मिनिटं ती मुलगी षड्जावर येतच नव्हती. रिषभावर थांबायची, धैवतावर थांबायची, आणि सा जवळ आला की वळायची. बाहेर उजेड जात होता. शेवटी एकदा ती सा वर आली आणि टेकली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी "आ हा" म्हणालं, आणि धाकटी दचकली. तिच्याकडे रचना पुरी संपेपर्यंत खोकायचीसुद्धा चोरी.

कार्यक्रमानंतर धाकटी तिला भेटली. हिचं मराठी अडखळत, तिचं इंग्रजी अडखळत, दोघींचं बरं जमलं. हिने विचारलं, मारवा कधी ठरवलास? ती म्हणाली, "पूरिया धनाश्रीच तयार करून आले होते. आधीच्याने तोच घेतला, मग काय करणार? खाली बसल्या बसल्या ठरवलं." धाकटी रिक्षात सबंध वेळ तेवढंच बोलत होती. तिच्या पुढच्या वर्षीच्या पदवी मैफलीतल्या रचना आत्तापासून ठरल्यात, लेखी मंजूर होऊन.

आज ती पुन्हा विद्यापीठात गेलीय, व्हायोला घेऊन. त्या मुलीने बोलावलंय. मिरजेचा तानपुरा जवळून बघायचाय म्हणे.

कार्यवाह, एक विनंती. जानेवारीच्या शेवटी हॉल दुपारचा मिळतो का बघा. आपल्याकडे तेव्हा पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पश्चिमेच्या काचा आहेतच.

– बापू

प्रेषक: कार्यवाह

जानेवारीचा शेवटचा शनिवार, हॉल तीन ते सात उपलब्ध आहे. चहा पाचला ठरलेला असतो, तो सव्वापाचला ढकलतो. त्याहून पुढे नेता येणार नाही, वडे गार होतात.

माईंचा भीमपलास साडेतीनला धरू का? कळवावे.

– कार्यवाह

प्रेषक: माई

धरा.