शनिवारी दहिवर (गोठलेलं दव) पडणार, मेथी-मुळ्याच्या वाफ्यावर काय घालू?

परसदार_एडिसन:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या अंगणात ४ बाय ८ फुटांचा एकच वाफा आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा पेरला. आई निफाडहून आली आहे, तीच रोज पाणी घालते. मुळा आत्ता कुठे बोटाएवढा झालाय आणि शनिवारी रात्री ३० फॅरनहाइट दाखवताहेत, म्हणजे शून्य सेल्सिअसच्याही खाली.
गेल्या वर्षी रंगकामाचं पातळ प्लॅस्टिक सरळ रोपांवर अंथरलं होतं. जिथे पान प्लॅस्टिकला टेकलं तिथे सकाळी काळं, शिजवल्यासारखं. मेथी सगळी गेली, फार जिवाला लागलं. आई म्हणते शेकोटी पेटव. जुन्या चादरी चालतील का? शिवाय कुंडीत मिरचीची दोन झाडं आहेत, मिरच्यांनी लगडलेली.

वाफसा:
चादर एखाद्या रात्रीपुरती चालते, पण दवाने भिजली की जड होते आणि रोपं आडवी पडतात. मी इथे ११ वर्षं भाजी करते, आधी चादरींवरच भागवलं.
मुळात पांघरूण ऊब देत नाही, मातीची ऊब धरून ठेवतं. दिवसभर माती तापते आणि आकाश निरभ्र, वारा पडलेला असला की रात्री ती ऊब वर निघून जाते. म्हणून कापड चहूकडून जमिनीला टेकलंच पाहिजे. झाडाच्या बुंध्याशी फडकं आवळून बांधलं तर मातीची ऊब बाहेरच राहते.
‘रो कव्हर’ घ्या, म्हणजे वाफ्यावर घालायचं हलकं कापड. अ‍ॅग्रीबॉन या ब्रँडचं १९ नंबरचं पातळ असतं, ८५ टक्के उजेड आत येतो, २८ फॅरनहाइटपर्यंत निभावतं. ३० नंबरचं जाड, पण उजेड ७० टक्क्यांवर येतो. तुम्हाला १९ पुरे. कडेला तीन सुती (३/८ इंची) लोखंडी सळईचे तुकडे ठोका, त्यांवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या ६ फुटी चार कमानी बसवा. कापड १० फूट रुंद घ्या, म्हणजे दाबायला पदर उरतो. पान कापडाला लागू देऊ नका.
शनिवारी दुपारी पाणी द्या, ओली माती जास्त ऊब धरते. हे कापड दिवसा राहिलं तरी चालतं, पाऊसही आत जातो. प्लॅस्टिक मात्र ऊन आलं की उघडावंच लागतं, नाहीतर आत भाजी उकडते.
पालक, कोथिंबीर चिवट आहेत. मुळा थंडीने गोड होतो. मिरचीला दहिवर अजिबात सोसत नाही, कुंड्या आजच घरात घ्या. आता नवीन काही पेरू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून दिवस १० तासांहून लहान होतो, मग पांघरुणाखाली भाजी टिकते पण वाढत नाही.

गोदाकाठ:
दादा, आईंचं बरोबर आहे, पण ते द्राक्षबागेसाठी. आम्ही थंडीच्या लाटेत पहाटे बागेला पाणी सोडतो, जागोजागी शेकोट्या करून धूर करतो. एका वाफ्याला त्याचा उपयोग नाही, कुंपण पेटण्याचीच भीती. ताईंनी सांगितलेलं कापड म्हणजे आमचं क्रॉप कव्हर. इकडे १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) सर्रास मिळतं, पपईला, टरबुजाला घालतो. कडा मातीने दाबा, नुसत्या विटांवर विसंबू नका. वारा एक कोपरा उचलतो आणि थंडी तिथूनच शिरते.

परसदार_एडिसन:
रविवार सकाळ. पहाटे ५ ला आई टॉर्च घेऊन बाहेर, मी तिच्यामागे शाल घेऊन. गवत पांढरं झालेलं, आत मेथी हिरवीगार! माती कमी पडली म्हणून एका कोपऱ्यावर वीट ठेवली होती, ती सरकली. तिथली कोथिंबीर मलूल दिसत होती, अकरापर्यंत उभी राहिली. ताई, दादा, मनापासून आभार. आईने आत्ताच एक जुडी मेथी खुडली. मिरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत.